खुर्चीचा मूळ स्वभाव

सोमवार, ३ जून

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. कस्टम्सच्या या कार्यालयात माझ्यासारखी दृष्टी असलेला माणूस कसा विचार करतो, ते निदान मला तरी कळावं.

वर्गीकरण-प्रमुखाची नवी जागा निघाली आहे. महिनाअखेर नाव जाहीर होणार. स्पर्धक एकच, समोरच्या टेबलावरचा. त्याला मी मनातल्या मनात धडाधड म्हणतो. फायली वाचतो की नुसते शिक्के हाणतो, देव जाणे.

आज माझ्याकडे फाइल आली. परदेशी खुर्ची, नग एक. लाकूड, लोखंड, वेत, जाडजूड गादी, हातांवर संगमरवराच्या पट्ट्या आणि बैठकीखाली एक छोटा ड्रॉवर. नियम सोपा आहे. सांगाडा ज्याचा, शुल्काच्या यादीत त्याच्या हेडिंगखाली खुर्ची. सगळंच मिसळलेलं असेल, तर वस्तूचा मूळ स्वभाव कशात आहे ते शोधायचं. उद्या जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो. या एका निकालावर प्रमुखपद पक्कं.

मंगळवार, ४ जून

गोदामात जाऊन पाहिली. सांगाडा लाकडाचा दिसतो, पण टिचकी मारली की खण्ण वाजतो. घाई करणं बरं नव्हे.

धडाधडने जाता जाता विचारलं की अजून त्या एकाच खुर्चीवर बसला आहेस का. मी बसलो नव्हतो, उभा होतो. तसं सांगितलं. तो शिक्के हाणायला परत गेला.

माल मागवणारा पुरवठादार भेटून गेला. म्हणे खुर्ची तातडीने हवी, सरकारी कामाची आहे, तुमच्याच इमारतीत जायची आहे. मी नुसता हसलो. सगळे असंच सांगतात. पी हळद नि हो गोरी, असं इथे चालत नाही.

गुरुवार, ६ जून

ड्रॉवरने घोळ घातला. ड्रॉवर आला की कपाटाची शंका येते. म्हणून त्यात जेवणाचा डबा ठेवून पाहिला. मावला. मग स्वतः खुर्चीत बसून पाहिलं. मीही मावलो. पारडी समसमान.

बसून परीक्षण करताना डोळा लागला. फार छान झोप लागली. आरामाचा पुरावा म्हणून तेही फाइलवर नोंदवलं.

घरी जेवताना हिला विचारलं की आपल्या टेबलाचे पाय स्टीलचे, फळी लाकडाची, वर काच, तर याचा मूळ स्वभाव काय. ती म्हणाली, पसारा. मग तिने विचारलं, डबा कुठे आहे. विषय बदलला.

सोमवार, १० जून

डबा ड्रॉवरमध्येच होता. मुंग्या झाल्या. फाइलवर टीप जोडली: मुंग्या मालाच्या मूळ यादीत नाहीत, सबब वर्गीकरणात धरू नयेत.

साहेबांनी बोलावून विचारलं की कुठवर आलं. मी म्हटलं, मुळापर्यंत जातोय. ते काहीतरी सांगणार होते, पण मुंग्यांची टीप वाचून तसेच माझ्याकडे बघत राहिले. बढतीचाच विचार असणार.

संध्याकाळी सासऱ्यांना फोन करून सूचक बोललो. त्यांनी पेढे कधी, असं विचारलं. हिने आतून, बाजारात तुरी, एवढंच म्हटलं.

बुधवार, १२ जून

कोणता माल किती, हे वजनाने ठरवणार. पण खुर्ची अखंड असताना लाकडाचं वेगळं वजन कसं कळणार? उघडायलाच हवी. संकल्प: फक्त चार स्क्रू.

दुपारी ४. सगळे स्क्रू काढले.

गुरुवार, १३ जून

मागचा पाय करवतीने कापला. बाहेर लाकूड, आत लोखंडी नळी. वाटलं, सापडला स्वभाव! नळी कापली. आत पुन्हा लाकूड. करणाऱ्याचा शुद्ध खोडसाळपणा आहे हा. सरळ माणसाने असं काही का करावं?

कार्यालयातल्या सुताराला दाखवलं. त्याने विचारलं की आता हे जोडणार कोण. म्हटलं, जोडणं आपल्या कक्षेत येत नाही. तो म्हणाला, माझ्याही नाही, आणि निघून गेला.

सोमवार, १७ जून

वजनं झाली. लाकूड लोखंडापेक्षा जड भरलं. खुर्ची लाकडी! चहा मागवला.

चहा पिताना लक्षात आलं, संगमरवर तोलायचाच राहिला. तो सगळ्यांत जड. म्हणजे कायद्याने ही खुर्ची दगड आहे. हे साहेबांना सांगायचा धीर होईना. त्यापेक्षा वजन सोडून आकारमान धरू. सगळे भाग पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिले.

गादी बुडवायला नको होती. ती आता दगडालाही भारी आहे. दोघांनी उचलून बाहेर काढावी लागली.

बुधवार, १९ जून

साहेब स्वतः गोदामात आले. गादीकडे, मग पायांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, लाकूड धर, लोखंड धर, नाहीतर दगड धर, ड्युटी सगळ्यांना सारखीच आहे, त्या दिवशी हेच सांगणार होतो.

मी नम्रपणे म्हटलं, साहेब, प्रश्न ड्युटीचा नाही, सत्याचा आहे. ते म्हणाले, प्रश्न खुर्चीचा आहे, परवापर्यंत उभी कर.

शुक्रवार, २१ जून

उभी केली. बसली. म्हणजे खुर्ची खाली बसली. पाठ ड्रॉवरच्या जागी गेली आहे, तरी सात स्क्रू उरले. पूर्वीपेक्षा हलकी झाली, ही जमेची बाजू.

शिवाय नवा कायदेशीर मुद्दा सुचला. ही आता खुर्ची नाही, खुर्चीचे सुटे भाग आहेत. त्याचं हेडिंग वेगळं. म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या वस्तूचं वर्गीकरण करत होतो. नवी फाइल उघडली. धडाधडला असं सुचलं असतं का?

शुक्रवार, २८ जून

नाव जाहीर झालं. धडाधड.

दुपारी पुरवठादार हमाल घेऊन आला. त्याला विचारलं, खुर्ची न्यायची कुठे. म्हणाला, वर, दुसऱ्या मजल्यावर, वर्गीकरण-प्रमुखांच्या नव्या केबिनमध्ये. पहिल्या दिवसापासून सांगतोय.

साहेबांनी सगळं भंगारात काढायला सांगितलं. लाकूड एका पोत्यात, लोखंड दुसऱ्यात, दगड तिसऱ्यात. गादी अजून वाळते आहे. पोत्यांवर मीच चिठ्ठ्या लावल्या. कशात काय, कसलीही शंका उरली नाही. इतकं निर्दोष वर्गीकरण माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

प्रमुखांना बसायला काहीतरी हवं, म्हणून साहेबांनी माझी खुर्ची वर पाठवली. धडाधड जिन्यात म्हणाला की वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं. फार वाटलं. पण त्या प्रमुखपदाच्या खुर्चीत आजवर एकच माणूस बसला, आणि तो मी. झोपही लागली होती.

घरी सांगितलं. हिने गरम वाढलं. सासऱ्यांना तिनेच फोन केला.

सोमवार, १ जुलै

मला स्टूल मिळालं आहे. बैठक लाकडाची, पाय लोखंडाचे, त्यातला एक आखूड. लिहिताना सारखं डुगडुगतं. पायाखाली फाइल घालून पाहिली, जाड होते. पुठ्ठा घातला, पातळ होतो. ही वही घातली, अगदी नेमकी बसली.

तेव्हा आजपासून रोजनिशी बंद. फक्त एक मुद्दा राहतो. पायाखाली गेल्यावर वही ही स्टेशनरी धरायची, की स्टुलाचा भाग?