पुढे लागेल म्हणून

प्रिय धांदरटे,

तू पाठवलेलं कॉम्प्युटरचं छोटं कॅबिनेट पोचलं. खोका उघडला आणि कपाळावर हात मारला. अगं, एवढी वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांच्या घरात नांदलीस, आणि सगळे मदरबोर्ड एका मापाचे नसतात एवढंही कानावर पडलं नाही? या डबीत बशीएवढा बोर्ड मावतो. माझ्या लेकाच्या कॉम्प्युटरचा बोर्ड ताटाएवढा आहे. फोनवर म्हणालीस, "आई, आतलं सगळं काढून यात घाला ना, नव्या घरात मोठा डबा मावत नाही." जसं काही पिठाचा डबा बदलायचाय! सोबत फळीचा फोटो होता, टेप लावून माप घेतलेला. माप बरोबर घेतलंस, कॅबिनेटही त्या मापाचं निवडलंस, फक्त आत काय बसणार ते पाहिलं नाहीस.

तुला हसते आहे खरी, पण माझा शहाणपणा ऐक. मापं मला तोंडपाठ आहेत. तरी खोका आला त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याचा बोर्ड तुझ्या डबीवर उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी असतात, बोर्ड कुठून कापता येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. आणि स्वतः तिथे उभी राहून तो बसवायला बघत होते. मग खूप रडले. शेजारचा झेरॉक्सवाला शटरखालून वाकून विचारायला आला, त्याला सांगितलं धूळ गेली डोळ्यात.

तो हा कॉम्प्युटर जोडत होता तेव्हाचं तुला आठवतं का? साध्या कामाला, वीज पुरवायला, त्याने केवढा मोठा एसएमपीएस आणला होता. मी कटकट केली, की याच्या निम्म्या ताकदीचाही चालला असता. तर म्हणाला, आई, पुढे लागेल. बोर्ड मोठा का, तर त्यावर रिकाम्या जागा जास्त, पुढे काहीबाही लावता येईल. कॅबिनेट मोठं का, तर तेच. तू दारात उभी राहून म्हणालीस, याला घर बांधायला दिलं तर आपण अंगणातच राहू. किती हसलो होतो आपण तिघं. त्या जागा रिकाम्याच राहिल्या, पोरी. आवरताना प्रत्येकीवर धुळीचा थर होता. ब्रशने साफ केल्या, जरूर नव्हती तरी.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि बोर्डावर एक बारका हिरवा दिवा जळतो. काम झालं की बटण बंद करा म्हणून मी अख्ख्या गल्लीला ओरडते. त्याच्या खोलीतलं बटण मात्र मी कधी बंद केलं नाही. दवाखान्यात जायच्या सकाळी ते त्यानेच चालू ठेवलं होतं, परत येऊन उरलेलं काम करायचं म्हणून. तो परत आलाच नाही. वीज जायची तेव्हा दिवा विझायचा, आली की पुन्हा लागायचा. बटण त्याच्या हातचं होतं. मी तिथे झाडूसुद्धा जपून मारत होते.

तुझा खोका आला त्या सकाळी ते बंद केलं. दिवा लगेच गेला नाही. एसएमपीएसमध्ये थोडी वीज साठलेली असते, ती संपेपर्यंत तो जळतो, हे मला माहीत आहे. तरी तो मंद होत होत जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने उठून स्क्रू काढायला घेतले.

तर, तुझ्या डबीत मी नवा छोटा बोर्ड आणि छोटा एसएमपीएस बसवला आहे. त्याची डिस्क त्यातच घातली. फोटो, त्याची गाणी, तुमच्या सहलींचे व्हिडिओ, सगळं आहे. उघडून पाहिलं नाही, तुमचं आहे ते. त्याचा मोठा एसएमपीएस मी दुकानात ठेवला आहे, लोकांचे बोर्ड तपासायला. रोज कामाला येतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण एक गोष्ट तोंडाने बोलायला जमली नसती. फळीच्या त्या फोटोत टेपचं एक टोक तुझ्या हातात आहे. दुसरं एका पुरुषाच्या हातात आहे. तू बोलली नाहीस, मला वाईट वाटेल म्हणून. वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण फोटो पुन्हा पुन्हा पाहिला, आणि त्याने टेप अगदी सरळ धरली आहे, ताणून, तुझ्या टोकाकडे बघत. कॉम्प्युटर न्यायला एकटी येऊ नकोस, त्यालाही घेऊन ये. मला आई म्हणायचं मात्र सोडू नकोस, एवढंच मागणं आहे माझं.

अजूनही तुझीच,
आई