आईचं मनगट

मानक नगर, लखनौ
९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं. माझ्या आळसाला अखेर नाव मिळालं! दोन वर्षं विनय ‘आलसी मेमसाब’ म्हणून चिडवत होता, डॉक्टर मनाच्या गोळ्या देत होते. मुतखडे झाले, परवा नुसत्या खोकल्याने बरगडी मोडली. तेव्हा कुठे एका डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं कॅल्शियम तपासलं. भलतंच वाढलंय. गळ्यात थायरॉइडमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एक फुगून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढते आहे. बहुधा साधी गाठ, काढली की बरं, म्हणाल्या. आईला असं काही होतं का, हेही विचारलं. तुला आठवत असेल.

वहिनींना नमस्कार.
तुझी सुहास

मिरज
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

होतं. मुतखडे होते, दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाबा अंगचोर म्हणायचे. तू चार वर्षांची होतीस. तिचं मनगट कसं मोडलं ते तुला कुणी सांगितलं नाही. दिवाळीत उठेना, म्हणून मी हाताला धरून ओढलं. सोळा वर्षांचा होतो. ती कळवळली, तर नाटक करते म्हणालो. पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

ऑपरेशन लवकर कर. विनयरावांना म्हणावं, चिडवू नका.
मधुकर

मानक नगर, लखनौ
३ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

दुसरंही ऑपरेशन झालं. गाठ साधी नव्हती, कर्करोगाची निघाली. क्वचितच होतो म्हणे. आपल्याकडे आईकडून, जनुकातल्या दोषातून आला. कॅल्शियम पुन्हा चढतंय. तुझ्या रक्तात तो दोष नाही हे वाचून देवापुढे साखर ठेवली. तू सुटलास याची लाज वाटते असं लिहिलंस, ते नको. आईची हाडं रोगानेच ठिसूळ केली होती. ओढलंस मात्र तू, ते मी कसं पुसू?

माझ्या पूर्वाच्या रक्तात मात्र दोष निघाला. चोविशीची पोर. दर सहा महिन्यांनी टेस्ट करायची, बस, असं हिंदीत सांगून ऑफिसला गेली. माझ्याकडे बघते तेव्हा पुढचं स्वतःचंच बघत असते, म्हणून मी हसते. तिसऱ्या ऑपरेशनला ‘हो’ही तिच्यासमोरच म्हटलं. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तुला लिहिते: मला ते नकोय. अंगात काहीच उरलं नाहीये, दादा.

माझ्यावरचा लोभ आता तिच्याकडे वळव.
सुहास