हिराच्या वाटणीचं खोबरं

सदूचे बाबा,

तुम्हाला नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायचं कधी मनात आलं नव्हतं. होतात तेव्हा हाकेच्या अंतरावर होतात, खाडीत नाहीतर देवळाच्या पायरीवर. आणि तेव्हा मला लिहायला तरी कुठे येत होतं? पण मंगळवारी ठाण्याच्या कोर्टात हिराच्या दाव्यात माझी साक्ष झाली आणि तिथे तुमची गोष्ट निघाली. आता मला परत उभं राहायचं आहे. न्यायाधीशाला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हणून बसले. तुमच्यामागे तुमच्याबद्दल बोलणं मला बरं वाटत नाही.

हो, लिहिते मी. देवळात संध्याकाळी बायकांचा वर्ग असतो. नेरुळच्या नव्या बिल्डिंगीतल्या एक मास्तरीणबाई येतात, चपला पायरीखाली काढून आधी देवीला हात जोडतात, मग आम्हाला ओरडतात. सुनी पण आता शाळेत जाते. एकाच पाटीवर वरच्या बाजूला तिचं 'कमळ', खाली माझं. ती सांगते, आजी, तुजा क पोटुशी दिसतो. काय बोलावं या पोरीला? तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती, तुमच्या जाळ्यात अडकून बसायची. आता कोर्टाच्या नकला करते. माशाची पाटी उपडी घालते, मला तिच्यावर उभी करते आणि विचारते, "आजी, खरं सांग, माजी गोळी कोनी खाल्ली?" मी हसून हसून खाली बसते. तुम्ही बघायला हवं होतं हो तिला.

पण ते जाऊ दे. कुठे होते मी? कोर्टात.

ती सकाळ तुम्हाला वेगळी सांगायला नको, पण ती लिहिल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. आपली सून पाटी घेऊन वाशीच्या वसाहतीत निघाली होती. पाटीत कोलंबी, वर चार चिंबोऱ्या बांधलेल्या. रस्त्यावरून पण नाही, कडेच्या मातीतून चालत होती. मागून पांढरी मोटार आली. चिंबोऱ्या सुटून रस्ताभर पळाल्या, असं बघणारे अजून सांगतात आणि सांगताना हसतात. मला नाही हसू येत. हिराच्या खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. पाय आखूड राहिला. ती पाटी आता डोक्यावर घेत नाही, बाजारात उकिडवी बसू शकत नाही. दारात स्टुलावर बसून सुकट आणि बोंबील विकते. वसाहतीतल्या बायका विचारतात, "ताजी कोलंबी का नाही आणत आता?" ती म्हणते, "खाडीला विचारा." कुणाला पाय दाखवत नाही.

आणि आता तो नारळ.

मोटारवाला साहेब दोन-चार दिवसांनी सारसोळ्यात आला. इस्त्रीचे कपडे, चेहरा मात्र उतरलेला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार, या गावात आधी देवीपुढे नारळ ठेवतात. तुम्ही गावचे पंच. ज्याची चूक त्याने नारळ आणायचा, तुम्ही फोडायचा, दोन्हीकडच्यांनी एकेक तुकडा खायचा. खोबरं खाल्लं की बोलणं संपलं. जाळ्याच्या खुंटावरून डोकी फुटलेली माणसं त्याच पायरीवर खोबरं चघळत एकत्र घरी गेलेली मी पाहिली आहेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गाव चाललं ते त्या नारळांवर.

तो माणूस रडला. "काका, मला लहान मुलं आहेत, मी रस्त्यावर येईन." आणि तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून बोललात, "साहेब, मानसाच्या हातून होतं. आमचं काय मागनं नाय." मी खांबाशी उभी होते. तुम्ही खाल्लंत, त्याने खाल्लं, सदूने मान खाली घालून खाल्लं. हिराच्या वाटणीचा तुकडा तुम्ही खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला बांधलात.

तेव्हा मी का नाही बोलले, असं विचाराल. पंचाच्या बायकोने पायरीवर कधी तोंड उघडलं होतं का हो? तुम्हीच सांगा.

आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, मलाही नव्हती. मास्तरीणबाईंनी वकील गाठून दिला, त्यांनी सांगितली. पैसे त्या माणसाच्या खिशातून जाणारच नव्हते. मोटारीचा विमा असतो आणि भरपाई विम्याची कंपनी देते. आपल्याला विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळतो तो, एवढंच ठाऊक. तुम्ही दया केलीत ती कुणावर केलीत? तो साहेब रस्त्यावर येणार नव्हता. आपली हिरा दारात आली.

ही मुदत असते, ती मुदत असते, करत कसाबसा दावा लागला. मग तारखा. ठाण्याला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. तिथला चहा मात्र चांगला असतो, आलं घालतात. हिरा प्रत्येक वेळी जिना चढते, एक पायरी, थांबते, दुसरी पायरी. मोटारवाला साहेब पण असतो. समोरच्या बाकावर बसून पेपर वाचतो.

मंगळवारी मला बोलावलं ते हिरा आधी किती कामाची होती हे सांगायला. तिच्या धंद्याला पगाराचा कागद नाही ना. जायच्या आधी आपले वकील हळूच म्हणाले, "आजी, नारळाचं विचारलं तर आठवत नाही म्हणा. तुमचं वय आहे, कोणी दोष देणार नाही."

मी म्हटलं, "वय झालंय, पण तेवढं नाय."

तर पिंजऱ्यात उभी राहिले. कारकुनाने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? मी गप्प. त्याने परत विचारलं. शेवटी मी म्हटलं, कागद द्या, लिहून देते. कारकून हसला, न्यायाधीश पण थोडे हसले. तुमचं नाव मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं ते असं, भर कोर्टात, कंपनीच्या वकिलाचं पेन मागून. वळणदार आलं हो. सुनीने पाहिलं असतं तर तिला पोटुशी अक्षर सापडलं नसतं.

धंद्याचं सगळं नीट सांगितलं. किती पहाटे उठायची, वसाहतीत किती घरं तिची बांधलेली होती, सगळं. मग कंपनीचे वकील उठले. गोड बोलणारा माणूस.

"आजी, तुमच्या यजमानांनी देवीसमोर नारळ फोडला, हे खरं का?"

"खरं."

"आमचं काही मागणं नाही, असं ते म्हणाले?"

आपल्या वकिलांनी माझ्याकडे बघितलं. सदूने बघितलं. हिरा तेवढी खाली बघत होती. मी काय करायचं होतं? देवीपुढे बोललेला तुमचा शब्द, तो मी गिळून टाकायचा होता का?

"म्हनाले."

"तुमच्या गावात पंचाचा शब्द शेवटचा असतो?"

"असतो. पन साहेब, त्यात..."

"विचारलं तेवढंच सांगा, आजी. झालं माझं."

खाली बसले. आपल्या वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यावरूनच मला कळलं की काहीतरी मोडलं.

परत येताना बसमध्ये सदू वेगळ्या सीटवर बसला. घरी आल्यावर भांडं आपटून बोलला, "आये, तुजं एक नाय म्हनायला काय जात व्हतं? बाबाचा शब्द राखलास आनि हिराचा पाय घालवलास."

हिरा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पाय कवाचा गेलाय. आयेला नको बोलू."

सदूचे बाबा, तुमच्या लेकाने असं बोलावं आणि सुनेने मला झाकावं. तुमच्या मागे मी एवढी एकटी कधी पडले नव्हते.

मग मी उठले. चुलीवरच्या शिंक्यातून ती पितळेची डबी काढली. तुम्हाला आठवते? त्या दिवशी तुम्ही खोबरं घेऊन हॉस्पिटलात आलात. हिराला बाटली लावलेली, शुद्ध नाही. सिस्टर ओरडली, तोंडाने काही द्यायचं नाही. तुम्ही पंच्याची गाठ सोडून तुकडा माझ्या हातात दिलात. "उद्या भरव." उद्याला ती तशीच होती, परवाला तशीच. आणि त्याच पंधरवड्यात तुम्ही छातीला हात लावून पडवीत बसलात ते बसलात. घराला सुतक. सुतकात प्रसाद कुणाला द्यायचा? डबी शिंक्यात ठेवली ती तिथेच धुरावर राहिली. देवीचं खोबरं, फेकवत नव्हतं, आणि ज्याचं त्याच्याशिवाय कुणाला खाता येत नव्हतं. पुढे हिरा आखूड पाय घेऊन घरी आली, तेव्हा ते तिच्यापुढे धरायला मला धीर झाला नाही.

कोर्टात मला हेच सांगायचं होतं. कुणी विचारलं नाही.

हिराने डबी उघडली. तुकडा लाकडासारखा झालाय, धुराने काळपट. तिने तो हातात धरला, वास घेतला.

"हे माजं?"

"तुजं."

"मना कोनी सांगितलंच नाय, आये."

सुनी मध्येच तोंड घालून बोलली, "आई, खाऊ नको, कडू आसल."

सदू हसला. रागावलेला माणूस हसला की किती बरं वाटतं. हिरा नाही हसली. ती बराच वेळ तुकडा उलटासुलटा करत राहिली. मग म्हणाली, "बाबा देवमानूस. त्यांच्या नावाला मी बोट लावनार नाय. पन आये, नारळ माज्या पायाचा व्हता ना? मग मना इचारायला नको?"

तुम्हीच सांगा, सगळ्या गावाचे निवाडे करताना तुम्ही दोन्हीकडच्यांना समोर बसवायचात. पोराने एक मासा चोरला तरी पोराला बोलवायचात. मग आपल्याच घरच्या वेळी का नाही? ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. तो माणूस रडला म्हणून तुम्ही घाई केलीत. मला ठाऊक आहे, तुम्हाला रडणारा माणूस बघवत नव्हता. हिरा रडत नव्हती, तिला तेवढी पण शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे काल का नाही बोललात?"

"तुमी इचारलं कुठं?"

ते म्हणाले, तुम्हाला परत साक्षीला बोलवा म्हणून अर्ज करतो. कोर्ट तुमच्या नारळाला किती मानेल ते सांगता येत नाही, पण जखमी बाईने स्वतः कधी काही कबूल केलेलं नाही, हे नोंदीत आलं पाहिजे. दावा टिकेल का, विचारलं. चष्मा पुसत बसले. म्हणजे त्यांनाही माहीत नाही.

तेवढ्यावर झालं असतं तरी बरं. काल तुमचे जोडीदार धर्मा तांडेल येऊन बसले. त्यांच्या कानावर गेलं होतं. चहा घेतला नाही, म्हणजे मी समजले.

"वैनी, पंचाचा निवाडा कोर्टात नेऊन खोटा पाडू नका. उद्या पायरीवर कोन नारळ फोडील? त्याचं नाव काय ऱ्हाईल गावात?"

तुमच्या नावाचं म्हटलं ना त्यांनी. तुमचं नाव मी तोंडाने घेत नाही, एवढी मी त्याला जपते.

पण बोलले. पायरीवर नव्हते बोलले, घरात बोलले. "भाऊजी, निवाडा खोटा नाय. अर्धा ऱ्हायलाय. उरलेला अर्धा माज्या शिंक्यात हाय."

ते उठून गेले. परत येतील की नाही, माहीत नाही. शिमग्याला तुमच्या नावाची पुरणपोळी त्यांच्याकडे पाठवते दरवर्षी. या वर्षी घेतील का?

रात्रभर डोळा लागत नाही. वाटतं, मी तुमच्या बाजूची की हिराच्या? पण मग वाटतं, तुम्ही पंच्याच्या टोकाला तो तुकडा बांधून आणलात, तो कशाला? तिच्या वाटणीचा आहे म्हणूनच ना? तिने खाल्ल्याशिवाय पुरं होत नाही, हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? वेळ मिळाला असता तर तुम्ही तिच्या उशाशी बसून विचारलं असतं. मी असं धरून चालते. चुकत असेन तर स्वप्नात या आणि रागवा.

हिराला काल परत विचारलं, या तुकड्याचं काय करू? ती म्हणाली, "ठेव शिंक्यात. तो साहेब इतक्या तारखा येतो, समोर बसतो, पेपर वाचतो. त्यानं अजून मना एकदा बघितलं नाय. आदी बघू दे. आनि खायचं का खाडीत टाकायचं, ते मी ठरवीन."

म्हणून तुम्हाला वचन देते. परत उभी करतील तेव्हा सगळं सांगेन. तुमचं "मागनं नाय" सांगेन, लपवणार नाही, आणि ही डबी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवेन, त्यांनी विचारलं नाही तरी. दावा बुडाला तरी ठेवेन. तुमचा शब्द मी मोडणार नाही. पण तिच्या तोंडात हा घास मी भरवणार नाही. निकाल काही लागो, डबी तिच्या हातात देईन आणि बाजूला होईन.

सुनी शेजारी बसून बघते आहे, म्हणते खाली नाव लिही, नाव लिहिल्याशिवाय पत्र पुरं होत नाही. लिहिते.

हिराची सासू,
तुमची पार्वती