पडद्याआडच्या गिऱ्हाइकाला न उठवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, धंद्याने गाद्यावाली, विधवा, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझा मुलगा पहिली शंका तीच काढणार. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. याआधीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे काही मुलाच्या नावे होते, ते मी रद्द करते. ते मी फाडूनही टाकले आहे, तेव्हा कोणी कपाटे उचकटू नयेत.

कलम एक. वरची राहती जागा, भांडीकुंडी आणि बँकेतली ठेव मुलाला व सुनेला निम्मी-निम्मी. सुनेचा हिस्सा तिच्या एकटीच्या नावाने करावा. तिने दुकानात कधी नाक खुपसले नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

कलम दोन. दाभण, मोठी कात्री आणि शिवणयंत्र आमच्या शिवणकरीणबाईंना. मुलाने त्यांना गणवेश चढवला आणि ‘मी आपली काय सेवा करू?’ असा बिल्ला छातीवर लावला. त्या बिल्ल्याची टाचणी गादीत राहिली आणि एका गृहस्थांच्या पाठीत घुसली. सेवा पुरेपूर झाली. तो बिल्ला मुलाने स्वतःकडे ठेवावा.

कलम तीन. सुगंध फवारणारे यंत्र, स्वागताचे संगीत वाजवणारा डबा आणि अभिप्राय घ्यायचे टॅबलेट, हे सर्व मुलाने सल्लागाराच्या घरी नेऊन बसवावे. या सल्लागाराला मी अत्तरवाला म्हणते. धंदा इतरांहून उठून कसा दिसावा हे तो मला शिकवायला आला होता. त्याने जन्मात एक उशी विकलेली नाही. माझ्या अंत्ययात्रेला तो आलाच, तर त्याला ‘कसं वाटलं?’ असे कोणीही विचारू नये. तो सांगत बसेल.

कलम चार. दुकान. हे माझ्या स्वकष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे हक्काची भाषा कोणी करू नये.

आमच्या रस्त्यावर गाद्यांचीच दुकाने आहेत. कापूस सगळ्यांचा एकाच वखारीतला, भावही जवळपास सारखे. बाकीचे दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाताला धरून आत ओढत आणि बोलून बोलून त्याला गादी घ्यायला लावत. मी नवरा गेल्यावर दुकानात गाद्यांभोवती पडदे लावले. पसंतीची गादी निवडा, चपला काढा, पडदा ओढा आणि आडवे व्हा. जवळ कोणी जाणार नाही, कोणी विचारणार नाही. डोळा लागला तर उठाल तेव्हा उठाल. झोप नाही आली, तर ती गादी मीच विकत नसे. हे मी दया म्हणून केले नाही. माझ्यात दया बेताचीच आहे. पाठ जे सांगते ते विक्रेता सांगू शकत नाही, एवढे मला कळत होते. त्यावर दुकान चालले आणि मुलाचे शिक्षणही झाले, ज्याचा त्याने असा उपयोग केला.

माझे गुडघे गेल्यावर मुलगा गल्ल्यावर आला आणि त्याने पडदे उतरवले. का, तर गिऱ्हाइकाला एकटे वाटते.

“आई, गिऱ्हाइकाला अनुभव द्यायचा असतो. झोपलेला माणूस कसला अनुभव घेणार?”

“झोपलेला माणूस गादी घेतो, गाढवा,” मी म्हणाले. अत्तरवाल्याने हे हसून लिहून घेतले.

त्यानंतर एका दुपारी एक नर्सबाई आल्या. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी गादी हवी होती. रात्रपाळी करून त्या तशाच आल्या होत्या. पाठ टेकली आणि त्यांना झोप लागली. त्याच दिवशी अत्तरवाल्याने ‘आजचे आनंदी ग्राहक’ असे काहीतरी काढले होते. सगळे नोकर फुगे घेऊन त्या बाईंभोवती जमले आणि टाळ्या पिटू लागले. मुलगा मोबाइल धरून फोटो काढत होता. बाई दचकून उठल्या. क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना, मग त्या रडू लागल्या आणि अनवाणीच रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरल्या. मला माझ्या दुकानाची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चपला मी स्वतः घेऊन गेले. समोरचे दुकान माझ्या धाकट्या दिराचे. आमचे बोलणे बंद आहे. त्याने शटर अर्धे खाली ओढले होते आणि स्वतः बाहेर स्टूल टाकून बसला होता. एक नवराबायको गादी बघायला आले. त्याने ओठांवर बोट ठेवले आणि त्यांना हाताने माझे दुकान दाखवले. माझे! चालून आलेले गिऱ्हाईक त्याने वैरिणीकडे धाडले, पण आतल्या बाईंची झोप मोडू दिली नाही.

“वहिनी, चपला इथेच ठेवा. हळू बोला, झोपल्यात त्या.”

इतक्या वर्षांनी बोलला, तेही मला गप्प करायला.

कलम पाच. सबब दुकान, आतील माल आणि पाटीसह, मी माझ्या धाकट्या दिराला देते. पाटीवर नाव माझेच राहील. पडदे ताबा घेण्याआधीच पुन्हा लावावेत. मुलाने नोकरी मागितली तर ठेवायचे की नाही हे त्याच्या काकाने ठरवावे. मी शिफारस करत नाही.

तो मला आवडतो असा अर्थ कोणी काढू नये. मी पहिला पडदा लावला त्या दिवशी हाच दीर चार माणसांत ओरडला होता, “दुकान आहे की धर्मशाळा?” आणि माझा चांगला कारागीर फोडून समोर जाऊन बसला. पुढे पडदे त्यानेही लावले. कबूल मात्र कधी केले नाही. म्हणून अट अशी, की दुकानाचा ताबा घेताना त्याने दुकानाच्या मध्यभागी उभे राहून, माझ्या मुलादेखत आणि साक्षीदारांसमोर, खणखणीत आवाजात म्हणावे : “वहिनीचं बरोबर होतं.” पुटपुटलेले चालणार नाही. तो म्हणाला नाही, तर दुकान मुलाला जाईल आणि दिराने समोर बसून रोज त्या टाळ्या ऐकाव्यात.

मात्र त्या वेळी पडद्याआड कोणी झोपलेले असेल, तर ते माणूस आपणहून उठेपर्यंत सगळ्यांनी गप्प उभे राहावे.

स्थळ : दुकान. वार बुधवार, साप्ताहिक सुट्टीचा.

सही : गाद्यावाली

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. शेजारचे औषधवाले (यांनी वाचताना दोनदा हसून घेतले आहे, तरी सही खरी आहे)