मधला खांब

४ फेब्रुवारी १९७४

हे संध्याकाळी ठाण्याला ओव्हरसियरच्या वर्गाला जातात. हे म्हणजे अनंता — इथे तरी नवऱ्याचं नाव लिहायला कुणाची चोरी? घरी येऊन पुस्तक उशाखाली ठेवतात आणि घोरतात. गणितं मी सोडवते. मॅट्रिक बायको केली, तिचा एवढा तरी उपयोग.

९ फेब्रुवारी

धडा: लाकडी घरावरचा भार. घराचं स्वतःचं वजन तो मृत भार. माणसं, सामान, ये-जा करणारं सगळं तो चल भार. सासूबाई जेवल्या की पाटावरून हलत नाहीत. त्यांना कशात धरायचं, पुस्तकात दिलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

टेमघरला आमचं नवं घर होतंय. सागाचा सांगाडा, वर माळा. सासऱ्यांना खाली कापड विणायचे लूम बसवायचे आहेत. मधला खांब आड येतो. सासऱ्यांनी ह्यांना विचारलं, "तू शिकतोस ना? काढू काय?"

ह्यांनी वर बघितलं, मिशीवरून बोट फिरवलं. "काढा. तुळई जाड हाय."

झालं, साहेब बोलले.

मी गणित मांडलं. खांब गेला की तुळईचं अंतर दुप्पट, वाकवणारा जोर चौपट. माळ्यावर भाताच्या गोणी, आम्ही दोघं, आणि मला दिवस गेलेत — पाळणाही तिथेच टांगणार.

१६ फेब्रुवारी

सकाळी ह्यांना गणित दाखवलं. "असेल," म्हणाले.

दुपारी सुतार माप घ्यायला आला. मग मीच बोलले, "खांब काढू नका. तुळई मोडेल."

सासरे म्हणाले, "आता सुनंला इचारून घर बांदायचं? तुला हे कोनी शिकवलं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सुताराची करवत न्याहाळत होते. इतक्या मन लावून कधी पुस्तक पाहिलं असतं तर!

खांब परवा निघणार.

१७ फेब्रुवारी

ह्यांच्याशी बोलत नाही. भाकरी वाढली, पाणी ठेवलं नाही. स्वतः उठून घेतलं.

१८ फेब्रुवारी

खांब जागेवर आहे. सासूबाईंनी सांगितलं — ह्यांनी सुताराला थांबवलं. सगळ्यांसमोर बापाला म्हणाले, "गणित तिचं हाय. माझी सगळीच तिची हायत. मला येत न्हाय."

सासरे ह्यांच्याशी बोलत नाहीत.

संध्याकाळी हे ठाण्याला गेले नाहीत. ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पयल्यापासून शिकव."