ताराचं नाव

परंडा, ९ फेब्रुवारी १९८४

वाचा-उपचारकांच्या अधिवेशनाचं निमंत्रण आलं. दुष्काळाच्या साली सोलापुरात, सत्रं संपल्यावर माझ्या खोलीत चहाला जमलो होतो, बायकांवरच जीव जडलेल्या आम्ही सहाजणी. किती हसलो! प्रत्येकीनं उखाण्यात आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, ही आमची रीत.

"मुलांना दटावून बोलायला लावता, बाई, अन् आता तुमचीच दातखीळ बसली व्हय?" माझी पाळी आली तेव्हा थोरल्या नलूताई मला म्हणाल्या.

तारा शेजारीच होती. मी म्हटलं, उखाणा येत नाही. तिनं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान अजून दिसते. का घाबरले? तिथं परकं कोण होतं? पुन्हा ती अधिवेशनाला आलीच नाही.

आज तिला अणदूरला पत्र टाकलं: "यंदा ये. उखाणा जुळो न जुळो, सगळ्यांसमोर तुझं नाव घेणार आहे. सबब चालणार नाही."