साक्षीदाराची ओळ

ता. ९ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, फोन चालू आहे माझा. पण फोनवर तू मधेच बोलतोस, मग मी चिडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे.

वहिनीचा कोट तयार आहे. बाह्या अर्धा इंच सोडल्यात. तिला म्हणावं, आता तक्रार असेल तर कात्री तूच धर. दुकान बरं चाललंय. जिन्याचा कठडा हलत होता, तो बसमावशीने नव्याने बसवला.

हो, बसमावशी. शाळेची बस चालवते म्हणून पोरं तिला तशी हाक मारतात. बावीस वर्षं ती माझ्यासोबत राहते आणि तिचं नाव घेताना अजून तुझी जीभ अडखळते. म्हणून तुझ्या सोयीसाठी मीही तेच लिहिलं.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, कागदबिगद करणार असशील तर आधी मला विचार, घरातलं घरातच राहू दे. तुझ्या कानावर कुठून आलं कुणास ठाऊक, पण खरं आहे. मी मृत्युपत्र करते आहे. विचारत नाही, कळवते आहे.

पहिला कागद आम्ही दोघींनी घरीच केला, कापड बेतायच्या टेबलावर. वरचं घर, खालचं दुकान, तिन्ही शिलाई मशिनी, सगळं तिला. चांगल्या अक्षरात लिहिलं, सह्या केल्या आणि नुसतं नजरेखालून घाला म्हणून वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि डोक्याला हात लावला.

"घर कुणाला द्यायचंय?"

"हिला."

"आणि ही साक्षीदाराची सही कुणाची?"

"हिचीच," मी म्हटलं. "नेहमी तीच करते."

"मग हिला काहीच मिळणार नाही. ज्याला मिळायचं त्याने साक्ष करायची नसते, बाई."

आम्ही दोघी आधी इतक्या हसलो की वकीलबाईंना वाटलं, आम्हाला कळलंच नाही. मग हसता हसता मला रडू आलं. कारण ही चूक आम्हीच करू शकतो. बावीस वर्षं जो जो कागद समोर आला, दुकानाचा परवाना असो की विम्याचा अर्ज, त्यात नातेवाइकाची एक ओळ असायची आणि खाली साक्षीदाराची. वरच्या ओळीत आम्हाला जागा नव्हती, खालच्या ओळीत होती. सवयीने हात आपोआप तिथेच जायला लागला.

घर घेतलं तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं होतं, या तुमच्या कोण? मी म्हणाले, कोणी नाही, साक्षीला आल्यात. ती शेजारीच उभी होती. म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर लागलं. हे पाप माझं आहे, तुझ्या माथी मारत नाही.

तुझं पुढे आहे. गेल्या वर्षी मी दुकानात कोसळले, तेव्हा शाळेच्या रिकाम्या बसमध्ये घालून तिनेच मला दवाखान्यात नेलं. तिथे म्हणाले, नातेवाईक लागेल. तू येईपर्यंत दोन तास ती बाहेर उभी होती. तू आलास, सही केलीस आणि नर्सने तिच्याबद्दल विचारल्यावर म्हणालास, "ती होय? ती भाडेकरू आहे."

मी जागी होते, दादा. डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. वर्षभर गिळून बसले. आता नाही बसणार.

आणि एक तुझ्यापासून लपवलं. त्या वेळी सापडलेली गाठ साधी आहे असं मी तुला सांगितलं होतं. ती साधी नव्हती. वर्षभर औषधांवर काढलं, आता १९ तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर बरं बोलतात आणि मरायचा माझा काही बेत नाही. पण उद्या वेळ आलीच, तर तू कुलूप घेऊन दारात उभा आहेस आणि ती बॅग घेऊन जिन्यात, असं मला लख्ख दिसतं. तू वाईट माणूस नाहीस. पण रक्ताचं नातं म्हणत तू तेवढं करशील.

म्हणून आता दोन कागद नीट लिहून घेतले, सह्या तेवढ्या व्हायच्यात. मला बोलता आलं नाही, तर दवाखान्यात माझ्याबद्दल ती ठरवेल, हा एक. दुसरं मृत्युपत्र. नात्याच्या ओळीत काय घालू, असं वकीलबाईंनी विचारलं. मैत्रीण घातलं तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, येऊ दे. जोडीदार लिहा, आणि ठळक लिहा.

साक्षीदार दोन लागतात. एक समोरचे औषधवाले. दुसरा तू हो.

वकीलबाई म्हणाल्या, उद्या जो आडवा येईल त्यालाच बोलावता, हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे. मी म्हटलं, माझा भाऊ हट्टी आहे खरा, पण एकदा सही केली की सहीला जागतो. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची खोटी सही केलीस आणि मार खाऊनही माझं नाव सांगितलं नाहीस, ते मी विसरले नाही.

मंगळवारी, १७ तारखेला सकाळी अकरा वाजता वकीलबाई आमच्या घरीच येणार आहेत. तू नाही आलास तर औषधवाल्यांची बायको पेन घेऊन तयार आहे. तुझ्यावाचून कागद अडणार नाही. मला फक्त त्यावर तुझी सही हवी आहे, तुझ्या हाताने, तुझ्या अक्कलहुशारीने केलेली.

घरातलं घरातच राहू दे म्हणालास ना? तेच करते आहे.

येशील तेव्हा वहिनीचा कोट घेऊन जा. दार ती उघडेल. तिला नावाने हाक मार, सहीचं मग बघू.

जिथे कोणीही भाडेकरू नाही त्या घरातून,
तुझी
ठकी